कोबसची राहिलेली शिक्षा

नवरा लग्नाआधी कळतो, त्याचं गाव मात्र लग्नानंतर कळतं. कपाट उघडलं की वरच्या फळीवरची पांघरुणं अंगावर पडावीत, तसे कोबसच्या गावचे किस्से आमच्या इंग्लंडातल्या रीडिंगच्या घरात येताजाता पडत असतात. एरवी मी गुपचूप हसून घेते. पण एप्रिलमध्ये आई महिनाभर राहायला आली आणि माझं हसू पळालं.

आई म्हणजे साताऱ्याच्या शाळेतली निवृत्त मुख्याध्यापिका. आमचं लग्न इथं रजिस्टर पद्धतीनं झालं, रिसेप्शन साताऱ्याला करायचं होतं. "आधी मुलगा नीट बघते, मगच हॉल बुक करा," असं तिनं बाबांना बजावलं होतं. लग्नाला चार महिने होऊन गेले होते, पण मुलगा बघायचा कार्यक्रम अजून बाकी होता!

"लहानपणीचं एक अक्षर बोलायचं नाही," मी कोबसला सांगितलं.

"प्रॉमिस," तो म्हणाला.

पहिल्याच जेवणाला आईनं विचारलं, "सो कोबस, टेल मी अबाउट युवर चाइल्डहुड."

झालं!

* * *

कोबस अफ्रिकान्स बोलणारा, दक्षिण आफ्रिकेतल्या कारू भागातल्या खेड्यातला. माण-खटावसारखा कोरडा मुलूख, एक चर्च, एक दुकान आणि बाकी मेंढ्या. तिकडे वडीलधाऱ्यांना तोंडावर 'यू' म्हणणं म्हणजे उद्धटपणा. पुरुष असला तर 'ओम', बाई असली तर 'टॅनी'. आपले काका-काकूच. त्यामुळे आईच्या पुढ्यात उभा राहून यानं अदबीनं विचारलं, "टॅनीला चहा हवाय का?"

आईनं मागं वळून पाहिलं. "अगं, आणखी कोण आलंय घरात?"

* * *

आठव्या वर्षी हा वडिलांचा पिकअप चालवायचा. वडील मागं उभे राहून मेंढ्यांना चारा टाकायचे आणि हा रंगाच्या डब्यावर बसून स्टिअरिंग धरायचा. डब्यावर बसलं की रस्ता दिसायचा, उतरलं की ब्रेक सापडायचा. दोन्ही एकदम कधीच नाही!

एकदा मागं मेंढ्या भरल्या होत्या. वडील शेताचं गेट उघडायला खाली उतरले. गेट उघडलं, गाडी बाहेर पडली आणि तशीच गावच्या दुकानापर्यंत गेली. वडील दोन तासांनी चालत पोचले.

"शिक्षा काय झाली?" आईनं विचारलं.

"येताना मला मागं मेंढ्यांच्यात बसवलं."

"कमी आहे," आई म्हणाली. मी भात वाढायला घेतला.

* * *

तिकडे मांसाच्या पट्ट्या मसाला लावून तारेवर वाळवतात, त्याला बिल्टॉन्ग म्हणतात. आई शाकाहारी. मी घाईघाईनं म्हटलं, "वाळवण गं, आपल्या पापडांसारखं."

तर लहानपणी एकदा यानं निम्मं वाळवण फस्त केलं आणि तारेवरची रिकामी जागा घोड्याच्या जुन्या लगामाचे तुकडे लटकवून भरली. वर मसालाही चोळला! पाहुणे आलेले ओम फान एकच तुकडा वीस मिनिटं चघळत होते. शेवटी म्हणाले, "यंदा जरा कोरडं झालंय, पण मसाला झकास!" आणि थोडं घरी न्यायला बांधून मागितलं.

"शिक्षा?"

"उरलेला लगाम मॉमनं मला चघळायला लावला."

आईनं मान हलवली. "त्यांच्या आईला शिस्तीचं कळतं हो."

* * *

चर्चमधलं प्रवचन लांबायचं. एका रविवारी यानं पुढच्या रांगेतल्या टॅनीच्या टोपीवर हळूच एक सरडा सोडला. टोपी कापडी फुलांची. सरडा आपला एकेक फूल ओलांडत, रंग बदलत, आरामात फिरत राहिला. सगळं गाव श्वास रोखून बघत होतं. कुणी खोकेना, कुणी पेंगेना. पाद्रीबाबांना वाटलं, आज आपलं प्रवचन थेट काळजाला भिडतंय. त्यांनी अर्धा तास वाढवलं!

"शिक्षा काय झाली?"

"तो अर्धा तास. सगळ्या गावाला."

"एकाच्या खोडीला सगळ्या वर्गाला शिक्षा? चूक आहे," आई म्हणाली आणि पाणी प्यायला उठली. पाठमोरी असताना तिचे खांदे हलत होते, ते मी पाहिलं. पण हॉलचं नाव काढलं नाही.

* * *

जायच्या आदल्या रविवारी नाश्त्याला आईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. शाळेत ती चष्मा काढायची तेव्हा मुलं आपणहून कबुली द्यायची. "अशी एखादी खोडी, जी कुणालाच कळली नाही?"

मी टेबलाखालून त्याला पाय मारला. त्यानं पोहे बाजूला सारले.

चर्चच्या जत्रेत दरवर्षी मिल्क टार्टची स्पर्धा असायची. मैद्याच्या पारीत दुधाचं गोड सारण, वर दालचिनी. परीक्षकांना कळू नये म्हणून सगळ्यांच्या ताटल्या सारख्या, नावाचं कार्ड ताटलीखाली. चांदीचा कप दरवर्षी शेजारच्या टॅनी बेट्टीला, त्याच्या आईला कधीच नाही. नऊ वर्षांच्या कोबसला कार्डं ठेवायचं काम मिळालं. आईला एकदा तरी कप मिळावा म्हणून यानं दोघींची कार्डं बदलली.

परीक्षकांनी सगळी टार्ट चाखली, सगळ्यात चांगल्या टार्टची ताटली उचलली आणि कार्ड वाचलं, "टॅनी बेट्टी!"

म्हणजे त्या वर्षी त्याची आई खरोखरच जिंकली होती.

"त्यानंतर मॉमनं मिल्क टार्ट केलंच नाही," कोबस खाली बघत म्हणाला. "मी कुणाला बोललोच नाही."

आईनं चष्मा चढवला. महिनाभर 'कोबस, प्लीज' असं अंतर राखून बोलणारी आई साताऱ्याच्या मराठीत म्हणाली, "फोन लाव आईला. आत्ता. स्पीकरवर, इंग्लिशमध्ये."

भाषांतर करायची वेळच आली नाही. त्यानं मुकाट्यानं फोन लावला आणि सगळं सांगितलं.

पलीकडं बराच वेळ नुसत्या मेंढ्या ऐकू येत होत्या. मग सासूबाईंचा शांत आवाज आला, "बेट्टी आत्ता घरी असेल ना?"

"असेल. का?"

"मी गाडी काढते."

फोन कट.

आईनं लगेच स्वतःचा फोन उचलून साताऱ्याला लावला. "अहो, हॉल मोठा घ्या. विहीणबाई येणारेत. आणि स्टेजवर एक टेबल सांगा, कपासाठी."

"कसला कप?" बाबांचा आवाज आला.

"अजून मिळालेला नाही," आई म्हणाली. "पण संध्याकाळपर्यंत मिळेल."