बांबूवर दोन थापा

बोरसे मॅडम कुणाशीही समोरासमोर उभ्या राहून बोलत नसत. त्या बाजूला येऊन बसायच्या आणि तो माणूस जिकडे पाहत असेल तिकडेच पाहू लागायच्या. लोणखेड्याच्या आमच्या कॉलेजात त्या मराठी शिकवायच्या. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातली असे आणि दाराबाहेर पाऊल पडलं की अहिराणी सुरू.

मी डोंगरातल्या काठी गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरून आलेली. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी पहिलीच. आमच्या घरी मोठ्यांशी बोलताना मान खाली ठेवतात, डोळ्यांत पाहून बोलणं उद्धटपणाचं मानतात. कॉलेजात नेमकं उलटं होतं. "वर बघून बोल," असं सगळे म्हणायचे आणि माझी मान आणखीच खाली जायची. सुरुवातीच्या दिवसांत एकदा मॅडमांनी मला प्रश्न विचारला. उत्तर येत होतं, पण तोंड उघडेना. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम खाली उतरल्या, माझ्या बाकावर येऊन बसल्या आणि फळ्याकडे पाहत, पुस्तकी भाषा सोडून हळूच म्हणाल्या, "आते सांग. मी बी फळाकडे देखस."

मी फळ्याला उत्तर सांगितलं.

"बरोबर बोलनी ना! मी काय वाघ शे का वं, जमना?"

माणसाचं तोंड नव्हे, खांदे पाहावेत, असं त्यांचं ठाम मत होतं. "तोंड खोटं बोलस, खांदा नई बोलत," त्या म्हणायच्या. शहाद्याच्या एसटी स्टँडवर त्यांच्यासोबत गाडीची वाट पाहणं म्हणजे वर्गातला एक तासच असे. "ती बाई देख. पिशवी जड, चाल हलकी. माहेरथून येई ऱ्हायनी." एकदा एका खांदे पडलेल्या माणसाकडे पाहून त्या हळहळल्या, "घरमा कोणी आजारी दिसस याच्या." आमच्यातल्या मयूरने जाऊन चौकशी केली, तर त्याची फक्त बस चुकली होती. मयूर हसत सुटला. मॅडम जराही वरमल्या नाहीत. "मंग? बस चुकनी हाई बी दुःखच शे ना!"

दुसऱ्या वर्षी युवक महोत्सवात मूकनाट्य करायचं ठरलं. विषय झोळीचा. आमच्याकडे रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून खाली डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. मला निवडलं होतं, पण मी कोपऱ्यातच बसून असे. कारण त्याच दिवसांत घरून निरोप आला होता. आई-बाबा ऊसतोडीला गुजरातेत जाणार होते. लहान भावाजवळ राहायला कुणीतरी हवं होतं. बाबा मला न्यायला येणार होते आणि मग कॉलेज सुटणार, हे मला कळून चुकलं होतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मॅडम एका संध्याकाळी पायरीवर शेजारी बसल्या आणि मैदानाकडे पाहत म्हणाल्या, "पेटी भरी लिधी ना? दोन दिन व्हयनात, तू एकेक भितडा देखी ऱ्हायनी." खरंच, मी होस्टेलच्या भिंतीन् भिंती डोळ्यांत साठवत होते. मी रडले. त्यांनी समजूत घातली नाही, उठल्याही नाहीत.

बाबा आले तेव्हा तालीम चालू होती. माझी पेटी व्हरांड्यात तयार होती. मॅडमांनी बाबांना पाणी दिलं आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. दोघंही तालमीकडे पाहू लागले.

मयूर आणि दुसरा एक मुलगा न दिसणारा बांबू खांद्यावर घेऊन चालत होते. धापा टाकत होते, घाम पुसत होते, वेदनेने तोंड वेडंवाकडं करत होते. माझा हात आपोआप बाकावर थापा मारू लागला. मॅडमांनी ते लांबूनच पाहिलं.

"थांबा रे. जमना, तुन्हा हात काय सांगी ऱ्हायना?"

बाबा बघत होते. पण मी उठले.

"असं तोंड करत नाहीत," मी म्हणाले. "झोळीतला माणूस मागच्याचं तोंड बघत असतो. त्याला वाटेल, आपलं ओझं झालंय. थकला तरी कुणी 'थकलो' म्हणत नाही. बांबूवर दोन थापा मारतो. बाजूने चालणारा गुपचूप खांदा पुढे करतो. माझ्या काकूला असंच आणलं होतं." बांबूचं मागचं टोक बाबांच्या खांद्यावर होतं, हे मात्र माझ्याच्याने सांगवलं नाही.

मी मयूरच्या मागे जाऊन उभी राहिले आणि करून दाखवलं. तोंड शांत, गुडघे किंचित वाकलेले, मग दोन थापा.

बाबा उठले. व्हरांड्यात जाऊन त्यांनी पेटीची एक कडी धरली. फाटकाकडे जायचं तर पेटी खांद्यावर घ्यायची, पण त्यांनी ती घेतली नाही. मॅडमांकडे न बघता पेटीच्या झाकणावर दोन थापा मारल्या.

मॅडम धावल्याच. दुसरी कडी त्यांनी धरली. पदर खोचून, इस्त्रीच्या साडीत, माझ्या बाबांबरोबर पेटी उचलून त्या होस्टेलचा जिना चढू लागल्या. मयूर ओरडला, "मॅडम, आम्हाले द्या ना!" त्या वरून ओरडल्या, "तू आधी तोंड सरळ ठेवानं शिक!"

"भावाला मामाकडे ठेवतो." बाबांनी जाताना एवढंच सांगितलं.

महोत्सवात आमच्या मूकनाट्यात एकही शब्द नव्हता, एकही अश्रू नव्हता. शेवटी बांबूचं मागचं टोक माझ्या खांद्यावर होतं. मी दोन थापा मारल्या, आणि समोरच्या अंधारातून टाळ्या उसळल्या त्या थांबेचनात. पहिला नंबर आमचा आला. ढाल घ्यायला मॅडमांनी मलाच पुढे ढकललं. त्या दिवशी मी परीक्षकांकडे सरळ वर पाहिलं. मान आपोआप वर झाली होती.

यंदा मॅडम निवृत्त होऊन गावी गेल्या. स्टँडवर आम्ही सगळे जमलो होतो. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मी त्यांना ओरडून सांगत होते, की येत्या वर्षीचं मूकनाट्य बसवायला मला सांगितलंय. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. गाडी हलली. मॅडमांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि एसटीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या.

गर्दीत उभ्या उभ्या मी खांदा पुढे केला.