थप्पीच्या सावलीतील जागा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, वकिलांना नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो, तेव्हाही मी दुसरेच काहीतरी पुटपुटत राहिलो. आज लिहावयास बसलो आहे.  

धुळ्यात माझी ओळख आहे ती पत्रांमुळे. दिवाणी न्यायालयातील कारकुनी संपली, पण अर्ज लिहिण्याची सवय सुटली नाही. एस. टी. स्थानकावरील पाणपोई कोरडी असेल, गटारावरील फरशी निघाली असेल, पुलाचा कठडा तुटला असेल, तर माझे पत्र जाते. त्यात कलम असते, नियम असतो आणि शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो : ‘धोका दिसत असताना संबंधितांनी मौन का पाळले?’ हा प्रश्न मी नगरपालिकेला विचारला आहे, बांधकाम खात्याला विचारला आहे, एकदा जिल्हाधिकाऱ्यांनाही विचारला आहे. लोक म्हणतात, आप्पांच्या लेखणीला धार आहे. ती धार कोठून आली, हे त्यांना कधी विचारावेसे वाटले नाही. बरेच झाले, नाही का?

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अमळनेर आणि दोंडाईचा यांच्यामधील एका गावी भजनी मंडळांचे मोठे संमेलन भरले होते. तीन रात्री भजन, दिवसा विश्रांती. गावोगावची मंडळे आली होती. कोणी बैलगाडीने, कोणी ट्रकमध्ये उभे राहून. आमच्या धुळ्याच्या मंडळात आम्ही चौघे होतो. मी टाळकरी, आणि लिहिता-वाचता म्हणून चिटणीसही. निजण्याची जागा निवडणे हे चिटणिसाचे काम. ज्या जागेवर मंडळाने टाळांची पिशवी ठेवली, ती जागा त्या मंडळाची, असा तेथे रिवाज होता आणि तो सर्व जण पाळीत.

तुम्हाला वाटेल, निजण्याच्या जागेचे एवढे काय? रात्रभर उभे राहून भजन केलेल्या माणसाला विचारा. चैत्र सरत आला होता, सकाळी नऊलाच ऊन अंगाला चटके देई. शाळेच्या खोल्यांवर पत्रे होते. आत माणूस भाजून निघे. मंडपात ध्वनिक्षेपकाची तपासणी दिवसभर चाले. विहिरीजवळच्या निंबाखाली मुंग्या. उरले ते जिनिंग कारखान्याचे आवार. संमेलनाला जागा कारखान्यानेच दिली होती. तेथे दाबलेल्या कापसाच्या गाठी एकावर एक रचून दोन उंच थप्प्या केल्या होत्या, आणि त्या दोहोंमध्ये एक बोळ होती. त्या बोळीत दिवसभर सावली, आणि आरपार वारा.

स्वयंसेवकांनी ती बोळ नाकारली. “तिकडे नको, आप्पा. मालाची जागा आहे ती,” एवढेच ते म्हणाले. मी चिडलो. कारण मागितले. कारण कोणाजवळ नव्हते. मग मी तेथेच, टाळांची पिशवी मांडीवर घेऊन, तिच्यावर कागद ठेवून कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या नावे अर्ज लिहिला — पाहुण्यांना उन्हात ठेवणे ही कोणती व्यवस्था, आणि हरकत असल्यास ती लेखी कळवावी. व्यवस्थापकाने कंटाळून अर्जावर ‘हरकत नाही’ असा शेरा मारला, खाली सही केली. मी तो कागद वर धरून बोळीपर्यंत चालत गेलो. मागून कोणीतरी ओरडले, “धुळ्याचे वकीलसाहेब जिंकले रे!” मी वकील नव्हतो. पण ते ऐकून मला जे वाटले, ते वाटणेच पुढच्या सर्व गोष्टीच्या मुळाशी आहे, म्हणून नोंदवीत आहे.

माझे तिघे सोबती आंघोळीला गेले. मी पिशवी ठेवली, सतरंजी पसरली आणि आडवा झालो. डोळा लागणार, तोच डोक्याशी आवाज झाला. टण्ण — आखूड, कोरडा, मागे नाद न ठेवणारा. मी उठून पाहिले. खालून दुसऱ्या थरातील एका गाठीला आवळणारी एक लोखंडी पट्टी तुटून वर वळली होती आणि तेथून कापूस फुगून बाहेर येत होता. दाबलेला कापूस मोकळा झाला की जागा मागतो. त्या गाठीवरची गाठ किंचित कलली होती, तिच्यावरची त्याहून थोडी अधिक. मान वर करून पाहिले, तर शेंड्याची गाठ आकाशात पुढे आलेली दिसली.

  तशी भीती मी पूर्वी कधी अनुभवली नव्हती. त्यानंतर मात्र ती मला सोडून गेलेली नाही.

आता मला सांगा, अशा वेळी माणूस काय करतो? ओरडतो. कोणीही ओरडेल. अडाणी माणूस ओरडेल. मी ओरडलो नाही. मी सतरंजीची घडी घातली, पिशवी उचलली आणि वजनकाट्याच्या ओसरीवर जाऊन बसलो. एका स्वयंसेवकाने हसून विचारले, “काय आप्पा, एवढे भांडून जागा मिळवली आणि सोडली?” मी म्हणालो, “कापसाच्या धुळीने खोकला येतो.” आणि खोकून दाखविले.

होय — खोकून दाखविले. तासाभरापूर्वी लेखी भांडून मिळविलेली जागा धोक्याची आहे, हे त्या स्वयंसेवकाला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? एवढेच कारण होते. याहून मोठे कारण मी इतकी वर्षे शोधले, सापडले नाही.

थोड्या वेळाने नाना आले. शिंदखेडा तालुक्यातील एका खेड्याचे पखवाजवादक. साठीच्या अलीकडचे, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आदल्या रात्री त्यांचा हात पखवाजावर असा पडत होता, की माझे टाळ आपोआप तालात राहिले होते. त्यांचे सोबती पंगतीला बसले होते. ते थकले होते म्हणून न जेवताच निजावयास आले. बोळीच्या तोंडाशी थांबून, डोळ्यांवर आडवा हात धरून त्यांनी ओसरीकडे पाहिले.

“बठ्ठी जागा भरी गई, भाऊ. आठे कोनी शे का?”

“नाही. कोणी नाही,” मी म्हणालो.

“मंग तुमी का बरं सोडी ही जागा? इतली थंडगार शे!”

“तुमच्यासारख्या वडीलधाऱ्यांसाठी सोडली, नाना.”

ते खूष होऊन हसले. पखवाज अलगद थप्पीशी टेकविला, धोतराचा सोगा झटकला, टॉवेल अंथरला. मी दहा हातांवर होतो. अजून वेळ होता. ते आडवे झाले — अजूनही वेळ होता. आणि तेवढ्यात पुन्हा तोच आवाज. टण्ण.

नाना कोपरावर उठले. दृष्टी मंदावली होती, कान मंदावलेले नव्हते.

“भाऊ, कसाना आवाज व्हयना हो?”

येथवर मी केवळ गप्प होतो. गप्प राहणाऱ्या माणसाला स्वतःशी पुष्कळ युक्तिवाद करता येतो. कायद्यातही त्याला थोडीफार जागा मिळते. पण नानांनी प्रश्न विचारला. सरळ, मला, नाव न घेता पण मलाच. कारण दुसरे तेथे कोणी नव्हते. आणि मी उत्तर दिले.

“कोणाचा तरी टाळ पडला असेल, नाना.”

“हां, तुमी टाळकरी मानूस. तुमले बराबर समजस,” ते म्हणाले, आणि उजवा हात उशाला घेऊन निजले.

थप्पी कोसळली तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. कापूसच तो. नाना वाचले. उजवा हात वाचला नाही. म्हणजे अंगाला आहे, पण बोटे मिटत नाहीत. गाठी ओढून काढणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होतो. माझी नखे उलटली. लोकांनी ते पाहिले, आणि आजही सांगतात.

त्यानंतर मी पेटलो. कारखान्याविरुद्ध नानांचा दावा मी उभा केला. मसुदे माझे, टिपणे माझी, तारखांना हजर मी. ‘हरकत नाही’ हा शेरा असलेला अर्ज आमचा मुख्य पुरावा झाला. कारखान्याचे म्हणणे एकच होते : थप्पी अकस्मात पडली, धोक्याची कोणतीही पूर्वसूचना नव्हती, म्हणून निष्काळजीपणाही नव्हता. यावर उत्तर देऊ शकणारा एकच साक्षीदार होता. पट्टी तुटलेली पाहिलेला, तो आवाज दोनदा ऐकलेला, फुगलेली गाठ दाखवून देऊ शकणारा. आमच्या वकिलांनी विचारले, “आप्पा, तुम्ही तर जवळच होता. काही पाहिले, ऐकले?”

“मला गाढ झोप लागली होती,” मी सांगितले.

साक्षीदारांच्या यादीत माझे नाव नव्हते. यादी मीच लिहिली होती.

आणि मग नानांची उलटतपासणी. मी मागच्या बाकावर बसलो होतो. त्या खोलीत मी अर्धे आयुष्य काढले होते, पण त्या दिवशी भिंती ओळखीच्या वाटेनात. समोरच्या वकिलांनी विचारले, “पडण्यापूर्वी काही आवाज ऐकला?”  नानांनी मान वळविली — माझ्या दिशेने, असे मला वाटले. त्यांना मी दिसत होतो का?  आता सांगतील. आता माझे नाव घेतील.

“हां, व्हयना व्हता,” नाना म्हणाले. “कोना तरी टाय पडना व्हता.”

शपथ घेतलेल्या त्या माणसाने, प्रामाणिकपणे, माझे खोटे न्यायालयात नोंदविले. निकालपत्रात ते वाक्य आले. वादीने स्वतःच सांगितल्याप्रमाणे धोक्याचे कोणतेही चिन्ह नव्हते, म्हणून दावा फेटाळण्यात येत आहे. मी न्यायालयाच्या पायऱ्यांवर ओरडलो. वृत्तपत्रांना पत्रे लिहिली. अन्याय, अन्याय, असे किती वेळा लिहिले, त्याची मोजदाद नाही. आणि प्रत्येक पत्राखालची सही करताना मला वाटे, कोणीतरी मागे उभे राहून वाचत आहे.

नाना अजून धुळ्याला येतात. डोळ्यांचे ऑपरेशन झाले, आता त्यांना स्वच्छ दिसते. माझ्याकडे थांबतात. डाव्या हाताने बशी धरून चहा पितात, आणि माझ्या पत्नीला सांगतात, “अक्का, आप्पांसारखा मानूस नहीं. माले जागा बी दिधी, आनी माना साठी लढना बी.” मी खिडकीबाहेर पाहतो. ते माझ्या तोंडाकडे पाहतात, अधिक वेळ पाहतात, असे मला हल्ली वाटते. त्यांना ठाऊक आहे का? स्वयंपाकघरात झाकण पडले तरी माझ्या अंगाला घाम सुटतो, आणि ते हसून म्हणतात, “टाय पडना का काय, आप्पा?” ती थट्टा असते का? मला कळत नाही. विचारण्याचे धैर्य मला झालेले नाही.

मी टाळ पुन्हा हातात घेतले नाहीत. लोक समजतात, नानांच्या दुःखाने. तेही खोटे आहे. मला तो नाद ऐकवत नाही, इतकेच.

हा मजकूर मी त्याच संपादकांकडे पाठवीत आहे, ज्यांच्याकडे माझी इतर पत्रे जातात. नानांची मुलगी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविते, हे मला माहीत आहे. म्हणून जे न्यायालयात सांगावयास हवे होते, ते येथे, त्याच क्रमाने नोंदवितो.

टाळ कोणाचाही पडला नव्हता. गाठीच्या पट्ट्या तुटल्या होत्या. पहिली तुटली तेव्हा मी ती पाहिली होती, दुसरी तुटली तेव्हा ऐकली होती. आणि नानांनी विचारले, तेव्हा मी जागा होतो.