खरकटा हात

शुगर लँड शहरातल्या तळ्याकाठी डबा उघडला आणि लसणीच्या चटणीच्या वासाने मला थेट ऑस्ट्रेलियात, डार्विनला नेलं. मगरी बघायला आम्ही मैत्रिणी छोट्या बोटीतून नदीत गेलो होतो. असाच लसणीच्या चटणीचा डबा खाऊन झाल्यावर मेधा खरकटा हात धुवायला वाकली.

"काही नाहीये गं इथे," ती म्हणाली.

पाणी अगदी शांत होतं. का कोण जाणे, मी तिला दंड धरून मागे ओढलं. तिचा हात होता तिथेच मगरीचा जबडा खाडकन मिटला.

पुढे कित्येक वर्षं आम्ही हा किस्सा हसत सांगितला.

आज माझी लेक चटणीचे हात धुवायला तळ्यावर वाकली. मी किंचाळले.

"रिलॅक्स आई, देअर्स नथिंग देअर!"

पाणी अगदी शांत होतं.