नाचणीचे लाडू आणि भरलेली ताटं

गेल्या दिवाळीत मी साखरेच्या वाटेला गेलो नाही. साखरच आपल्या पायांनी घरी आली.

सणाच्या तोंडावर डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघितला. "काठावर आहात. दिवाळीनंतर परत तपासू. साखर वाढली, तर गोळी सुरू. कायमची!"

गोळीची मला भयंकर धास्ती. (वडिलांचा गोळ्यांचा डबा आमच्या मिसळणाच्या डब्यापेक्षा मोठा होता.) घरी येऊन मी जाहीर केलं, "या वर्षी तळण बंद, साखर बंद! फराळ मी करणार."

"करा की," सुलभा, माझी बायको, म्हणाली. "स्वयंपाकघर डावीकडे आहे."

मी एअर फ्रायरमध्ये चकल्या केल्या. त्या फोडायला अडकित्ता लागला. खजूर घातलेले नाचणीचे लाडू मात्र जमले, फक्त प्रमाण चुकलं. मोठाले डबे भरले, पातेली भरली, शेवटी प्रेशर कुकरही भरला!

"एवढे कोण खाणार?" सुलभाने विचारलं.

"वाटू! कोथरूडभर आरोग्य पसरेल."

मी उत्साहात सोसायटीच्या प्रत्येक दारी ताट पोचवलं. आणि तिथेच फसलो. शेजारचं ताट रिकामं परत करायचं नाही, ही आपली रीत! संध्याकाळपर्यंत सगळी ताटं परत आली. कुणाच्यात पाकातले चिरोटे, कुणाच्यात तुपाने ओथंबलेले बेसनाचे लाडू. समोरच्या देशमुखवहिनी अमरावतीच्या, हात सढळ. त्यांच्या ताटातल्या करंज्या तर कडेवरून खाली बघत होत्या.

मी घाबरलो. घरात लाडू तर अजून ढीगभर होते. मग डोकं चालवलं. उरलेले लाडू कागदी डिशमधून वाटले. परत करायला भांडंच नाही! तासाभरात देशमुखवहिनी स्टीलचा भलामोठा डबा घेऊन दारात.

"कागदावर काहून देता जी भाऊ? आम्ही काय परके आहो?"

डब्यात अनारसे! आता त्यांचा डबा रिकामा कसा द्यायचा? मी त्यात लाडू भरून दिले. दुसऱ्या दिवशी तोच डबा शंकरपाळ्यांनी भरून हजर!

"अगं, थांबव हे!" मी ओरडलो.

"तुम्ही सुरू केलंत, तुम्हीच संपवा," सुलभा शांतपणे म्हणाली.

मी ते शब्दशः घेतलं. पहिला चिरोटा नुसता चवीपुरता. पुढचा, शेजाऱ्यांचा अपमान नको म्हणून. त्यानंतर कारणं संपली, चिरोटे संपेनात. भाऊबीजेपर्यंत मी अनारसे झोपूनच खात होतो.

दिवाळीनंतर रिपोर्ट आला. डॉक्टरांनी नुसतं पेन उघडलं. औषधांच्या दुकानातून पडलेल्या चेहऱ्याने परतलो, तर लिफ्टमध्ये देशमुख भेटले. त्यांना जुना मधुमेह.

"काय लाडू होते हो तुमचे!" त्यांनी माझा हातच धरला. "आमच्या हिने घरचा सगळा फराळ तुमच्याकडे पाठवला. मला दिवाळीभर तुमची नाचणीच! साखर अशी उतरली, की डॉक्टरांनी माझी गोळी अर्धी केली!"

मी अभिनंदन केलं. उरलेली अर्धी माझ्याच खिशात होती, त्यांच्याच घरच्या करंजीशेजारी.