थोडं सांडणारच

आमच्या गावच्या व्याख्यानमालेत परवा आंतरराष्ट्रीय राजकारणाचे एक प्राध्यापक आले होते. सत्कार झाला, शाल मिळाली, ती त्यांनी घडी करून टेबलावर ठेवली आणि पाण्याचे दोन भरलेले पेले पुढे ओढले. हा जुना बलाढ्य देश, हा नवा, चढता. नवा बरोबरीला आला की जुना बिथरतो आणि मग बहुतेकदा युद्ध होतं, असं म्हणत त्यांनी पेल्यावर पेला आपटला. पाणी उसळून टेबलावर पसरलं. टाळ्या पडल्या.

माझ्या शेजारच्या सुलभाताई उठून उभ्या राहिल्या. त्यांची लेक परदेशात नर्स आहे, आणि तिच्या शहरावर सध्या बॉम्ब पडताहेत.

"सर, हे जे सांडलं, ते कोण?"

"ताई, एवढ्या उलथापालथीत थोडं सांडणारच!" सर हसले. सभागृहही हसलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देश चढतात म्हणे, देश उतरतात म्हणे, जसा काही थर्मामीटरमधला पाराच! लेकीच्या फोनची वाट बघत बसलेली आई यांनी कुठल्या पेल्यात धरली आहे? दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. कसला डोंबलाचा लाभ!

तेवढ्यात ओघळत आलेलं पाणी शालीपर्यंत पोचलं. सर दचकून ओरडले, "अहो, फडकं आणा कोणीतरी! लवकर!"

चार-पाच जण धावले. सुलभाताई अजून उभ्याच होत्या.