भक्कम बाप

माझी मामी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापायचं टेबल आणि खुंट्यांवर टांगलेले अर्धवट शर्ट. मागच्या खोलीत मामा, मामाची आई आणि मामाचे शब्दकोश. मामा वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होता. छापण्याआधी चुका हुडकायच्या, हे काम त्याने एकतीस वर्षं केलं आणि निवृत्तीनंतर घरच्यांवर चालू ठेवलं. धोब्याच्या चिठ्ठीतली वेलांटीसुद्धा तो लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवायचा.

मामी निवडणुकीला उभी राहिली ती सासूमुळे. आजींचे गुडघे दुखरे, आणि बसथांब्यावर टेकायला काही नाही. एकदा त्या एका अनोळखी गृहस्थाच्या सुटकेसवरच बसल्या. गृहस्थ भिडस्त. त्याची एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. तिसरी दिसल्यावर त्याने चाचरत विचारलं, "आजी, तुमची बस कोणती?"

"मला कुठे जायचंय? भाजी घेऊन घरी चाललेय. जरा दम खातेय."

हे कळल्यावर मामी तडक वॉर्ड ऑफिसात गेली. तिथल्या कारकुनाने कागदातून डोकं न काढता सांगितलं, "बाक धोरणात बसत नाही."

"धोरणात नको, थांब्यावर बसवा."

"धोरण नगरसेवक ठरवतात, बाई."

"मग नगरसेवकाचा अर्ज कुठे मिळतो?"

तेव्हा कुठे कारकुनाने डोकं वर काढलं.

घरी मामा म्हणाला, "नुसतं उभं राहून चालत नाही. प्राधान्यक्रम लागतो. आणि ‘प्राधान्य’ लिहिताना ‘ध’ला काना असतो."

मामीने मापं घेता घेता गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली. छातीभोवती टेप असला की माणूस फुगवून बोलत नाही, असा तिचा अनुभव. पंधरा दिवसांत वही भरली. बेकरीवाल्याला गतिरोधक खाली हवा होता, कारण त्यावरून जाताना केकवरची नावं पुसली जात. शेजारच्या पंक्चरवाल्याला तोच गतिरोधक अजून उंच हवा होता. गणिताच्या बाईंना वरच्या मजल्यावर बाजा शिकणारा माणूस दुसऱ्या प्रभागात हलवून हवा होता, आणि बाजावाल्याला गणिताच्या बाई. मामीने सगळं ऐकलं आणि तीनच गोष्टी ठेवल्या: थांब्यांवर बाक, गतिरोधक चार बोटं खाली, आणि चौकातलं बायकांचं स्वच्छतागृह उघडणं. त्याची फीत कापली त्याच दिवशी त्याला कुलूप लागलं होतं, आणि किल्ली कोणाकडे हे दोन वर्षांत कोणालाच सांगता आलं नव्हतं.

पत्रकाचा मजकूर मामाने लिहिला, मामानेच तीनदा तपासला आणि छापायला दिला. दोन हजार पत्रकं घरोघर गेली. दुपारी बेकरीवाला एक पत्रक घेऊन दारात उभा राहिला.

"मामी, पहिला मुद्दा जरा समजावून सांगता?"

पहिला मुद्दा असा छापला होता: ‘प्रत्येक बसथांब्यावर टेकायला एक भक्कम बाप.’

मामाने पत्रक हातात घेतलं. एकदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग मागच्या खोलीत गेला आणि डोक्यावरून चादर घेऊन आडवा झाला.

"अहो, एका अक्षराचं काय घेऊन बसलात?" मामी म्हणाली.

"एकतीस वर्षं," चादरीतून आवाज आला. "एकतीस वर्षांत एक काना सुटला नाही. आणि घरच्या पत्रकात मी बाकाचा बाप केला!"

दोन दिवस त्याने चादर सोडली नाही. जेवणसुद्धा चादरीच्या आत गेलं.

बाहेर मात्र वेगळंच सुरू झालं. सकाळी घाईत असलेल्या आया म्हणायला लागल्या, कल्पना वाईट नाही. थांब्यावर एखादा बाप असला तर पोरं नीट बसमध्ये तरी चढतील. तिसऱ्या दिवशी बँकेतून निवृत्त झालेले एक रखवालदार शर्टाची वरची गुंडी लावून मामीकडे आले.

"जागा भरायची आहे असं वाचलं. मला चार मुली आहेत. अनुभव आहे."

"काका, ती छपाईची चूक आहे हो. बाक म्हणायचं होतं."

"असू दे. घरी बसून तरी काय करतोय? वेळ काय असते?"

दुसऱ्या दिवशी साडेसातला ते शाळेजवळच्या थांब्यावर हजर. रांग लावायचे, दप्तरांच्या चेन लावायचे, रडणाऱ्याला दटावायचे आणि मग स्वतःच विरघळायचे. आठवड्याभरात उरलेल्या दोन थांब्यांवरही एकेक बाप नेमला गेला.

शाळेच्या हॉलमध्ये उमेदवारांची सभा झाली. मामीविरुद्ध उभे होते एक ठेकेदार, पांढरे बूट घालून. त्यांनी माईक घेतला. "आमच्या ताई बाप वाटत फिरतायत. मी विकास वाटणार! आपल्या बागेत आठशे मीटरचा धावण्याचा ट्रॅक!"

टाळ्या पडल्या. मामी उठली. "बागेचा घेर मी मोजलाय. एकशे नव्वद भरतो. बाकीचा ट्रॅक कुठे ठेवणार?"

ठेकेदारांनी माईक दुसऱ्या हातात घेतला. "वर नेऊ. मजले काढू."

"म्हणजे धावता धावता जिने?"

"व्यायामच आहे ना!"

हॉल हसून हसून वेडा झाला. मामा शेवटच्या रांगेत तोंडावर मफलर बांधून बसला होता. त्याच्या खांद्यांवरून कळत होतं की तोही हसतोय.

निकाल लागला. मामी एकतीस मतांनी पडली. तो आकडा ऐकून मामा पुन्हा चादरीकडे निघाला होता, पण मामीने चादर आधीच भिजत घातली होती. तिला वाईट वाटलं. ते तिने कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी एका शर्टाला तिने तीन बाह्या लावल्या.

चार दिवसांनी नवे नगरसेवक, म्हणजे तेच ठेकेदार, दुकानात आले. प्रचारात घरोघरी खाऊन त्यांच्या कोटाची बटणं लागेनात, आणि शपथ दुसऱ्या दिवशी. मामीने पोटाभोवती टेप गुंडाळला आणि तसाच धरून ठेवला.

"स्वच्छतागृहाचं कुलूप कधी काढताय?"

"बघू, ताई. आधी माप घ्या."

"श्वास सोडू नका, माप चुकेल. कधी काढताय?"

नगरसेवक लाल झाले. "उद्या!" एवढंच त्यांना बोलता आलं.

आणि खरंच, शपथ झाल्यावर त्यांनी लोहाराला बोलावून कुलूप तोडून घेतलं. दार उघडलं, तर आत छतापर्यंत एकावर एक रचलेले सहा नवे कोरे बाक, प्लास्टिकसकट. दोन वर्षांपूर्वी आले होते, आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून कोणीतरी तिथे कोंबून किल्ली हरवली होती.

बाक थांब्यांवर लागले. तिन्ही बाप आता बसून काम करतात. गतिरोधकाचं अजून घोंगडं भिजत पडलंय, कारण पंक्चरवाला नगरसेवकांचा मेव्हणा निघाला.

नगरसेवकांनी प्रत्येक बाकाच्या पाठीवर आपल्या नावाची पितळी पाटी ठोकली. तिचे स्क्रू लोकांच्या पाठीत घुसायला लागले. मामीने उरलेल्या कापडांच्या सहा गाद्या शिवल्या आणि पाट्यांवर घट्ट बांधून टाकल्या. दोन दिवसांत नगरसेवक तणतणत आले.

"ताई, माझं नाव दिसत नाही!"

"दिसत नाही," मामी सुईत दोरा ओवत म्हणाली, "पण आता लोक ते घेऊन शिव्या देत नाहीत. बघा, काढू का गाद्या?"

थोडा विचार करून नगरसेवक म्हणाले, "राहू द्या."