मुऱ्हाळ्याची सीट

मी ज्या ॲपवर काम करते, त्यात मागवलेलं जेवण कुठवर आलं ते नकाशावर दिसतं. एक निळा ठिपका रस्त्यावरून सरकत येतो आणि भुकेलं माणूस त्याच्याकडे टक लावून बसतं. तो ठिपका मध्येच अडकू नये, उगाच मागे उडी मारू नये, एवढ्यासाठी मी आणि माझी टीम पगार घेतो. कोणीतरी आपल्याकडे यायला निघालंय, हे दिसण्याचं सुख जेवणाहून मोठं असतं. हे मला ऑफिसात नाही, नानांमुळे कळलं.

नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याहून साक्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. तिथून दर आखाजीला ते मला न्यायला पुण्याला यायचे. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी अक्षय्य तृतीया म्हणून सोनं घेतो. आमच्या खान्देशात ती सासरी गेलेल्या लेकींची असते. झोके, गाणी, आमरस, खापरावरचे मांडे. पण लेक आपणहून येत नाही. माहेरचं माणूस तिला न्यायला जातं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आला की लेकीची मान सासरी आपोआप ताठ होते. माझं सासर म्हणजे दोन खोल्यांचा फ्लॅट आणि कामात बुडालेला नवरा, पण मान ताठ व्हायची ती व्हायचीच.

मी पुष्कळ वाद घातला. स्लीपर बुक करते, दारात गाडी मागवते, उन्हातान्हात कशाला येता? "मला लंडनला एकटीला जाऊ देता आणि धुळ्याला नाही?" असंही विचारलं. नाना शांतपणे म्हणाले, "लंडनले तुले कंपनी धाडस. आठे मी लेवाले येस." न्यायला तेच येणार, ठरलं.

मग मी त्यांना फोनवरून लाइव्ह लोकेशन पाठवायला शिकवलं. तरी प्रत्येक स्टँडवरून फोन यायचाच. "मालेगाव उनं. दिखस का मी तुले?" मी मीटिंगमध्ये माइक बंद करून कुजबुजायचे, "दिसताय नाना." नाशिकला पुन्हा तेच. दिसतोय हे माहीत असून त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं असायचं. पुण्याला उतरले की चहा घेऊन, हातपाय धुऊन, मला घेऊन परत निघायचे. माझी बॅग मला कधी उचलू दिली नाही.

गावी पोचलो की आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी असायची आणि मी कोणाबरोबर आले ते विचारायची, "कोना संगे उनी वं?" तिनेच तर नानांना दशम्या बांधून देऊन पाठवलेलं असायचं. तरीही विचारायची. आणि नाना माझ्या पाठीमागून, दोन्ही हातांत सामान, ओरडायचे, "मना संगे! आखो कोना संगे येई?" मग आई हसायची आणि मला आत घ्यायची. या खेळाशिवाय मी कधी उंबरा ओलांडला नाही.

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसच्या काचेच्या दारासमोर टोपी घालून उभ्या असलेल्या नानांचा फोटो मी टाकला होता. खाली लिहिलं, 'माझा मुऱ्हाळी.' लोकांनी लाल बदाम पाठवले. ओळख ना पाळख अशा बायकांनी 'किती गोड' म्हणून लिहिलं. नानांना दाखवलं तर म्हणाले, "बठ्ठा लोके ओळखतस का तुले?" मी नाही म्हटलं. अनोळखी बाईला बदाम पाठवणाऱ्या त्या लोकांची त्यांना काळजी वाटली.

दिवाळीनंतर नाना गेले. सकाळी चालत शेतात गेले आणि दुपारी लोकांनी उचलून घरी आणले. आमच्या चॅटमध्ये अजून नकाशांची चळत आहे, प्रत्येकाखाली 'लाइव्ह लोकेशन संपले' असं लिहिलेलं. आम्ही ॲपवाले किती सरळ वाक्यं लिहितो! मला त्या वाक्याचा राग राग येतो.

आखाजीलाच आमच्याकडे वारलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. नानांची ही पहिली घागर. ती भरणार माझा धाकटा भाऊ, तो जळगावला नोकरी करतो. त्याचा फोन आला, "अक्का, तिकीट काढून ये हं." मी विचारलं, "न्यायला कोण येतंय?" तो म्हणाला, "मी जळगावहून पुण्याला येऊन परत धुळ्याला? तुझ्या फोनमध्ये सगळं आहे ना गं." खरं होतं. त्याला रजा एका दिवसाची होती. तरी मी चिडले, वाट्टेल ते बोलले, फोन आपटला. नवरा म्हणाला, "चल, मी सोडतो गाडीने." बिचाऱ्याला काय सांगणार? नवऱ्याने सोडलं की ते माहेरी नेणं होत नाही. माझं माहेर मला बोलावतं, न्यायला येतं, ही गोष्ट नानांबरोबर संपली होती आणि मला कोणी गाडीने पोचवल्याने ते भरून निघणारं नव्हतं.

शेवटी एसटीचं तिकीट काढायला बसले. ॲपने आधीच्या प्रवाशांची नावं समोर मांडली. माझं आणि त्याखाली नानांचं, ज्येष्ठ नागरिक. दर वर्षीच्या सवयीने मी दोन्हींवर खूण केली. मेसेज आला तेव्हा कळलं, दोन सीटा. रद्द करायचं बटण समोर होतं. असली बटणं मी स्वतः बनवते. मी ते दाबलं नाही.

शेजारच्या सीटवर बॅग ठेवून निघाले. बस माहेरवाशिणींनी भरलेली. प्रत्येकीबरोबर कोणी ना कोणी, भाऊ नाहीतर काका. कंडक्टरने विचारलं, "दुसरं पॅसेंजर?" मी म्हटलं, "येतील." चाकण मागे पडल्यावर त्याने पुन्हा विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिले. गर्दी वाढली, उभी माणसं माझ्या बॅगेकडे रागाने बघायला लागली. मी ढिम्म. सॉफ्टवेअरमधली बाई, कानात हेडफोन, किती माजोरी, असंच वाटलं असणार त्यांना.

नाशिकला एक म्हातारे बाबा चढले आणि दांडा धरून माझ्याशेजारी उभे राहिले. हातात फडक्यात बांधलेला डबा. वळणावर त्यांचा तोल गेला, तेव्हा मी विचारलं, "कुठे चाललात आबा?"

"घर. आंडेरले लेवाले गयथू," ते म्हणाले. "कंपनीनी सुटी नही दिनी तिले."

लेकीला न्यायला गेलेला बाप रिकाम्या हाताने परत चालला होता. मी बॅग उचलून मांडीवर घेतली. ते बसले आणि मालेगाव यायच्या आत झोपले, नाना झोपायचे तसे, तोंड उघडं टाकून. मी त्यांच्याकडे न बघता रडत होते. मालेगावला माझा हात आपोआप फोनकडे गेला. कोणाला विचारणार, दिसतेय का मी म्हणून?

धुळ्याला आबा त्यांच्या वाटेने गेले. मी गावची गाडी धरली, उतरले, बॅग स्वतः उचलली. ती एवढी जड असते हे मला माहीत नव्हतं.

आई दारात तांब्या घेऊन उभी होती. तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे गेली आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं,

"कोना संगे उनी वं?"

विचारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. माझ्या ओठांवर 'एकटीच' आलं होतं, ते बाहेर पडेना. उंबऱ्याच्या अलीकडे मी, पलीकडे ती, आम्ही दोघी तशाच थांबून राहिलो. मागून कोणी ओरडलं नाही.